बाळंतिणीच्या रक्ताचा हिशेब

व्यापारी घरात मूल जन्मले की पहिल्या तासापासून त्याच्या नोंदी सुरू होतात. जन्मवेळ मिनिटासह टिपली जाते, वजन ग्रॅमपर्यंत लिहिले जाते. लसींचे कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवले जाते आणि दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने या लसींच्या तारखा घरातल्या प्रत्येकाला पाठ असतात. बाळाचे वजन महिन्यात किती वाढले, हे गादीवर बसलेले आजोबाही आलेल्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगतात. त्याच घरात, त्याच पलंगावर असलेल्या बाळंतिणीचे हिमोग्लोबिन किती आहे, असे विचारले तर मात्र बहुधा कोणालाच उत्तर देता येत नाही. ‘दवाखान्यात पाहिले असेलच की,’ एवढे म्हणून तो प्रश्न मिटतो.

यामागे मायेची उणीव नसते. पहाटे अंगाला तेल, मग शेक-शेगडी, बाळंतशोपा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, तुपाची धार सोडलेला मऊ भात, कानाला बांधलेला रुमाल. सारे घर तिच्याभोवती फिरत असते. पण ही काळजी डोळ्यांनी आणि रितीने घेतली जाते. रक्तक्षय डोळ्यांना उशिरा दिसतो आणि तोपर्यंत त्याच्या प्रत्येक लक्षणासाठी घराजवळ एक तयार कारण असते. दमते? मूल रात्रभर जागवते. केस गळतात? बाळंतपणानंतर सगळ्यांचेच गळतात. धाप लागते? वजन वाढले आहे. चिडते, रडते? हळवी झाली आहे. यातले प्रत्येक कारण थोडेफार खरे असते आणि म्हणूनच ते फसवे ठरते.

सांगली जिल्ह्यातील एका पेठेत तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान असलेल्या घरात काही वर्षांपूर्वी असेच घडले. खाली दुकान, वर राहते घर. धाकट्या सुनेचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले. प्रसूती सरळ झाली, रक्तस्राव थोडा अधिक झाला, पण तो वेळीच थांबला. अडीच महिने उलटल्यावर ती बाळासह सासरी आली. दुकानामागचा जिना चढताना मधल्या पायरीवर ती थांबू लागली. सकाळचे काम उरकण्याआधीच तिला पुन्हा आडवे व्हावेसे वाटे. सासूबाई स्वभावाने कठोर नव्हत्या, परंतु त्यांच्या तोंडून एकदा निघून गेले, “आमच्या वेळी सव्वा महिना झाला की आम्ही चुलीपाशी उभ्या राहत होतो.” त्या वाक्यानंतर सुनेने जिन्यावर थांबणे सोडले. ती धाप आवरून वर येई आणि खोलीचे दार लोटून घेई. आपण आळशी आहोत, आई होण्याची आपली लायकी नाही, असे तिला मनोमन वाटू लागले होते. नवऱ्याला ते सांगावे, तर तो रात्री दुकान बंद करून येईपर्यंत तिच्यात बोलण्याचेही त्राण उरत नसे.

थोरल्या जाऊबाईंच्या ध्यानात एक वेगळीच गोष्ट आली. तांदूळ निवडताना धाकटी चिमूट चिमूट कच्चे तांदूळ तोंडात टाकत होती. विचारले तेव्हा ती ओशाळली. गरोदरपणात तिला ओल्या मातीचा वास हवाहवासा वाटे आणि पाटीची पेन्सिलही तिने लपून खाल्ली होती. माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ यांची अशी अनावर ओढ हे शरीरातील लोह घटल्याचे जुने, ओळखीचे लक्षण आहे. घरोघरी त्याला डोहाळे म्हणून हसण्यावारी नेले जाते. जाऊबाईंना यातले शास्त्र ठाऊक नव्हते, पण बाळंतपण होऊनही डोहाळे कसे उरले, हे त्यांच्या मनाला पटेना.

साडेतीन महिन्यांची लस आली. कार्ड शोधताना बाळाच्या फायलीतून माहेरच्या दवाखान्याचा घडी घातलेला कागद निघाला. प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ८.६, असे त्यावर लिहिले होते आणि खाली लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. माहेरच्यांनी महिन्याच्या गोळ्या आणल्या, त्या संपल्या आणि पुढच्या आणायच्या असतात हे कोणी बोलले नाही. सासरच्यांना तो आकडा कधी कळलाच नाही. लस टोचून झाल्यावर जाऊबाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, बाळाचे झाले. आता हिचेही रक्त तपासायला सांगा.” आकडा आला ८.१. तीन महिन्यांत तो वाढण्याऐवजी घटला होता.

हा कागद कोणी लपवला नव्हता. तो दोन घरांच्या मध्ये पडून राहिला होता. पहिले बाळंतपण माहेरी आणि पुढचे आयुष्य सासरी, ही रीत मुलीला विसावा मिळावा म्हणून आहे आणि ती मोलाचीच आहे. पण त्या रीतीत एक फट राहते. ज्या डॉक्टरांनी आकडा पाहिला, त्यांच्याकडे ती पुन्हा जात नाही. ज्या घरात ती परत येते, त्या घराला आकडा माहीत नसतो. दोन पेढ्यांमधली रक्कम कोणत्याच वहीत न चढावी, तसे तिचे रक्त कोणाच्याच हिशेबात राहत नाही.

रक्त जाते कुठे, हे समजून घेतले तर या हिशेबाचे महत्त्व पटते. एका गरोदरपणासाठी स्त्रीच्या शरीराला सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागते. बाळ आणि वार आपला वाटा घेतात, वाढलेल्या रक्ताला लोह लागते आणि रोजची झीज चालूच असते. प्रसूतीत अर्धा लिटर रक्त गेले तर त्याबरोबर साधारण पावणेदोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह जाते. रोजच्या शाकाहारी जेवणातून शरीरात शोषले जाणारे लोह मात्र दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते. गरोदरपणाआधीच साठा रिकामा असेल तर नुसत्या लाडवांनी ती तूट भरून निघण्यास किती काळ लागेल, हे व्यापाऱ्याच्या घरात वेगळे सांगायला नको.

आणि साठा आधीच रिकामा असणे ही अपवादाची गोष्ट नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील देशातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. हा गरिबांचा आजार आहे, ही समजूतही त्या आकड्यांपुढे टिकत नाही. सर्वांत सधन गटातही प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. दूधतुपाने भरलेल्या घरातही हे घडते, कारण दुधातुपात लोह जवळजवळ नसतेच.

आयुर्वेदाने या आजाराला पांडुरोग म्हटले. फिकटपणावरून ओळखण्याची ही परंपरा जुनी आहे आणि डॉक्टर आजही खालची पापणी ओढून आतला रंग पाहतात. पण रंग फसवतो. शेकाने आणि मालिशाने बाळंतिणीचा चेहरा उजळ दिसतो, सौम्य आणि मध्यम रक्तक्षय नजरेतून सुटतो. म्हणून आकडा हवा, आणि तो योग्य वेळी हवा. रक्तस्राव झाल्यावर लगेच काही तासांत केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते, कारण तोवर उरलेले रक्त पातळ झालेले नसते. घरी सोडण्यापूर्वी एक-दोन दिवसांनी केलेली तपासणी अधिक विश्वासाची. पहिल्या दिवसांत १० च्या खाली, आठवड्याने ११ च्या खाली आणि दोन महिन्यांनी १२ च्या खाली हिमोग्लोबिन असेल तर तो रक्तक्षय समजला जातो. ७ च्या खाली गेले तर घरगुती उपायांची वेळ टळलेली असते. रुग्णालयातच जावे लागते.

हिमोग्लोबिन म्हणजे दुकानात मांडलेला माल. गोदामात किती आहे ते फेरिटिन सांगते. दुकान भरलेले दिसत असतानाही गोदाम रिकामे असू शकते. फेरिटिन १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खाली असेल तर साठा संपल्यात जमा आहे. मात्र प्रसूतीच्या श्रमांनी, टाक्यांनी किंवा तापाने फेरिटिन काही काळ फुगलेले दिसते. त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांतील चांगला आकडा पाहून निर्धास्त राहू नये.

त्या पेठेतल्या सुनेच्या अहवालात आणखी एक गोम होती. लोह कमी पडले की लाल पेशी लहान होतात. बी-१२ किंवा फॉलिक अॅसिड कमी पडले की त्या मोठ्या होतात. तिच्या पेशींचा सरासरी आकार अगदी बरोबर आला होता, कारण दोन्ही उणिवा एकत्र होत्या आणि एकीने दुसरीला झाकले होते. डॉक्टरांनी बी-१२ तपासले. तेही फार कमी निघाले. पूर्ण शाकाहारी घरांसाठी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. वनस्पतींतून बी-१२ मिळत नाही. दूध, दही, ताक यांतून मिळते, पण ते पुरेसे पडतेच असे नाही. आईजवळ ते नसेल तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही ते मिळत नाही. अशी बाळे सुस्त होतात, हसणे-मान धरणे विसरू लागतात, काहींचे हातपाय थरथरतात. आईचे रक्त तपासणे म्हणजे बाळाचेच रक्षण आहे, ते या अर्थाने. याउलट लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही आकडा हलत नसेल आणि पेशी लहानच राहत असतील, तर थॅलेसेमिया मायनर आहे का, हे वेगळ्या तपासणीने पाहावे लागते. तिथे साठा न तपासता लोहाचा भडिमार उपयोगाचा नाही.

बाळंतिणीच्या रक्ताचा असा शोध घेण्याच्या इतिहासात मुंबईचे स्थान मोठे आहे. ल्युसी विल्स या इंग्रज स्त्री-डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक गंभीर रक्तक्षय गाठत होता आणि त्याचे कारण कळत नव्हते. विल्स यांनी या स्त्रिया काय खातात, हे बारकाईने पाहिले. यीस्टच्या स्वस्त अर्काने त्यांचे रक्त सुधारते, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला अज्ञात घटक पुढे फॉलिक अॅसिड ठरला. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला. आज बाळंतिणीच्या हाती पडणाऱ्या गोळीत लोहाच्या जोडीला जे फॉलिक अॅसिड असते, त्याची वाट मुंबईच्या गिरणकामगार स्त्रियांपासून निघालेली आहे. रक्त पाहा आणि तिच्या ताटात काय आहे ते विचारा, हीच विल्स यांची पद्धत होती.

ताटाचा विचार करताना व्रतनियम आडवे येतात असे नाही. ते डॉक्टरांना सांगितलेले नसतात, ही अडचण असते. कंदमुळे सोडल्याने लोहाची फारशी हानी होत नाही. बीटाचा लाल रंग हा रक्ताचा रंग नव्हे, लोह त्यात बेताचेच असते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असतील तर हरभरा, मसूर, कुळीथ, बाजरी, राजगिरा, तीळ आणि अळीव आहेतच. त्यावर लिंबू पिळले किंवा आवळा घेतला तर लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबरचा चहा ते अडवतो. चौविहार पाळणाऱ्या स्त्रीला रात्रीची गोळी घेता येत नाही आणि मग ती राहूनच जाते. तीच गोळी सकाळी उशिरा, लिंबूपाण्याबरोबर घेता येते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दुधाबरोबर एकदम घेतली जाते, तीही चूक आहे. दोहोंत निदान दोन तासांचे अंतर हवे. त्या सुनेच्या माहेरच्या महिनाभराच्या गोळ्या अशाच दुधाच्या पेल्याबरोबर गेल्या होत्या.

आणखी एक शंका अनेक घरांत असते, ती बोलून दाखवली जात नाही. काही रक्तवर्धक सिरपांत पूर्वी प्राण्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन वापरले जाई. त्या आठवणीने काही सासवा लोहाचे औषध घरात येऊ देत नाहीत. ही शंका निराधार नाही, पण तिचे निरसन सोपे आहे. फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस अॅस्कॉर्बेट हे खनिज लोहाचे क्षार आहेत. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. म्हणून साधी गोळी मागावी आणि वेष्टनावरील घटक वाचावेत. औषध टाळण्यापेक्षा विचारणे हितकर.

पर्युषणात किंवा दशलक्षणात उपवास करावा, ही ओढ बाळंतिणीलाही असते. सोळा कारण भावनांमध्ये तप सांगितले आहे, पण ते यथाशक्ती. रक्तात शक्ती किती आहे हे न पाहता केलेला उपवास त्या शब्दाला धरून होत नाही. आणि तिच्या शक्तीवर त्या काळात आणखी एक जीव अवलंबून असतो.

सरकारच्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात २०१८ पासून बाळंतिणीसाठी प्रसूतीनंतर १८० दिवस रोज एक गोळी सांगितली आहे. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. ही प्रतिबंधाची मात्रा आहे. रक्तक्षय निघालाच तर मात्रा डॉक्टर ठरवतात. शौच काळे होणे घाबरण्यासारखे नसते. पोट बिघडले तर गोळी बंद न करता बदलून मागावी. गोळी सोसतच नसेल तर शिरेतून लोह देता येते. साधारण महिन्याने आकडा वाढलेला दिसला पाहिजे. न वाढला तर कारण शोधले पाहिजे. आकडा सुधारल्यावरही गोदाम भरण्यासाठी सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. बरे वाटू लागले की औषध थांबवण्याची सवय इथे नडते.

त्या घरात गोळ्या आणि बी-१२ ची इंजेक्शने सुरू झाली. महिन्याने आकडा ९.८ झाला, तीन महिन्यांनी १२.१. जिना आता ती न थांबता चढत होती. पण घरात खरा फरक त्याआधीच पडला होता. ८.१ हा आकडा ऐकल्याच्या संध्याकाळी सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून लिंबूपाण्याचा पेला त्या स्वतः वर घेऊन जाऊ लागल्या, आणि गोळी घेतली की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर पेन्सिलीने खूण करू लागल्या. सुनेला आळशी म्हणणारे घरात कोणी नव्हतेच. तिला थकलेली म्हणायला आधार हवा होता. एका आकड्याने तो दिला. रक्तक्षय वेळीच ओळखला जात नाही तेव्हा स्त्रीच्या शरीराबरोबर तिच्याविषयीचे मतही खालावत जाते. गोळ्यांनी शरीर भरून निघते. पहिल्या वर्षी बनलेले मत मात्र कधीकधी जन्मभर तसेच राहते.

करायचे ते फार नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत एकदा, दवाखान्यातून घरी निघण्यापूर्वी एकदा, दीड महिन्याच्या लसीला बाळाला नेले की त्याच दिवशी आईची एकदा, आणि सहा महिन्यांच्या गोळ्या संपल्यावर एकदा, अशी चार वेळा रक्ताची तपासणी व्हावी. चारही आकडे बाळाच्या लसीच्या कार्डामागे, तारखेसह, एकाखाली एक लिहावेत. मुलगी माहेराहून निघते तेव्हा ओटी भरली जाते, बाळंतविड्यात झबली-टोपडी, दुपटी, चांदीची वाटी हौसेने मांडली जाते. त्या झबल्यांवरच हा कागदही ठेवावा, आणि पोचल्यावर सासरच्यांनी तो आधी उघडून वाचावा.